हात चांगला आहे, पण शिकवता येईल का? (वेल्डिंग प्रशिक्षकाची नोकरी)

चाकणकर_६जी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आयटीआयला वेल्डरचा ट्रेड केला, मग ॲप्रेंटिसशिप, नंतर प्रेशर व्हेसलच्या कामावर बरीच वर्षं गेली. आर्क (रॉडने) आणि टिग (टॉर्च आणि वेगळी फिलर तार) दोन्ही करतो. ६ जीचं क्वालिफिकेशन चालू आहे. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पाइप ४५ अंशात पक्का बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही, वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरायचं.) आता गावाजवळच्या एका खासगी केंद्रात प्रशिक्षकाची जागा निघाली आहे. पगार आतापेक्षा कमी, पण शिफ्ट नाही आणि घरी राहता येईल.

माझं आपलं साधं मत आहे. ज्याचा हात चांगला, त्याला शिकवता येतं. आपण रन (वेल्डची एक ओळ) मारून दाखवायचा, पोरं बघून शिकतात. मी तसाच शिकलो. पण मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, "एका मुलाचा रॉड सारखा प्लेटला चिकटतोय. तुम्ही काय कराल?" मी म्हटलं, करंट वाढवून देईन. त्या "बरं" म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ते "बरं" काही मला बरं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात डेमो घ्यायला बोलावलंय. इथे कोणी या लाइनमधले असतील तर सांगा, नेमकं काय बघतात? आणि काय यायला लागतं?

टिवल्या

बाई "बरं" म्हणाल्या आणि लिहून घेतलं? आमच्या घरी असं झालं की त्या दिवशी बाहेरून डबा मागवावा लागतो.

निवृत्त_निदेशक

चाकणकर, अभिनंदन. मी सरकारी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक (म्हणजे प्रशिक्षक) होतो, वेल्डरच्याच ट्रेडला. थोडं सविस्तर लिहितो.

रॉड चिकटण्याची कारणं पुष्कळ. करंट कमी असेल. अर्थिंगचा क्लॅम्प रंगावर किंवा गंजावर लावलेला असेल. पावसाळा असेल तर रॉड दमट असतील. पण नव्या मुलाच्या बाबतीत बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं. ठिणगी पडली की तो डोळे मिटतो, मान मागे घेतो आणि त्याच क्षणी हात खाली जातो. तुम्ही करंट वाढवून दिलात तर चिकटणं कदाचित थांबेल. मग अंडरकट (वेल्डच्या कडेला खाच) सुरू होईल, पातळ पत्रा असेल तर भोक पडेल, आणि मुलाची समजूत होईल की वेल्डिंग म्हणजे मशीनची मूठ फिरवणं. त्या बाईंना बहुधा हे ऐकायचं होतं की तुम्ही आधी बघाल. तेही रॉडकडे नंतर. आधी मुलाचं कोपर टेकलंय का, केबलचं वजन मनगटावर येतंय का, पाय कसे ठेवलेत, हे बघायचं.

दुसरी गोष्ट. तुम्हाला जे हातात बसलंय ते सुटं करून सांगता आलं पाहिजे. आर्क वेल्डिंगमध्ये हात एकाच वेळी तीन कामं करतो. पुढे सरकतो, रॉडचा कोन ७०-८० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, आणि रॉड जळून आखूड होईल तसा तो खाली सोडत राहतो. पहिली दोन मुलांना दिसतात. तिसरं दिसत नाही, कारण चांगल्या वेल्डरच्या हातात ते होताना कळतच नाही. मग मूल हात सरळ रेषेत पुढे नेतं, आर्क लांबत जातो, स्पॅटर (वितळलेले थेंब) उडतो आणि शेवटी विझतो. "जवळ धर, जवळ धर" असं ओरडून काही होत नाही. मी मशीन बंद ठेवून होल्डरमध्ये रॉड लावून हात फिरवायला लावायचो, रॉड जळतोय असं समजून खाली सोडत सोडत. पोरं हसायची. पण पुढे प्रत्यक्ष आर्क लावल्यावर फरक पडायचा.

पाठ घेताना आम्हाला चार टप्पे शिकवले होते: तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी. डेमोत हेच बघतात. कागदी वाटतं, पण धरून चाला.

मस्कतवाला

सरांचा मान ठेवून थोडं वेगळं बोलतो. हे टप्पे-बिप्पे ठीक आहेत, पोरं शेवटी हात बघतात. मी असे प्रशिक्षक पाहिलेत ज्यांना फळ्यावर इलेक्ट्रोडची सगळी माहिती तोंडपाठ, पण ४ जी, म्हणजे डोक्यावरचा जॉइंट, स्वतः मारायला सांगितला की मशीन नादुरुस्त होतं. पोरांना हे पहिल्या आठवड्यात कळतं. एकदा कळलं की मग तो माणूस काय वाट्टेल ते सांगो.

चाकणकर, तुमच्या हातात ६ जी आहे हे तुमचं निम्मं काम झालेलं आहे. पहिल्याच दिवशी न सांगता एक पाइप मारून टेबलावर ठेवा.

बंड्या_मेकॅनिकल

हात हात काय लावलंय सगळ्यांनी! ड्रॉइंगवरचं वेल्ड सिम्बॉल वाचता येत नाही म्हणून साइटवर चुकीच्या बाजूला फिलेट (कोपऱ्यातला वेल्ड) मारणारे "चांगल्या हाताचे" वेल्डर मी रोज बघतो. ७०१८ रॉड ओव्हनमध्ये का तापवायचा, हे विचारलं तर उत्तर "साहेबांनी सांगितलं म्हणून". अरे, त्याच्या कोटिंगमध्ये ओल शिरली की हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि कडक स्टीलमध्ये भेग पडते, तीही काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, तुम्ही घरी गेल्यावर. म्हणून आधी साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवायचा, मग गरम क्विव्हरमध्ये (रॉडच्या डब्यात) ठेवून लागेल तसा काढायचा. प्रशिक्षकाला हे "का" माहीत हवं.

मस्कतवाला

बंड्या, माहीत हवं याला कोण नाही म्हणतंय. पण हायड्रोजन समजलेला माणूस सरळ रन मारेलच असं नाही. तू मारतोस का?

बंड्या_मेकॅनिकल

मी इंजिनियर आहे, मी मारून घेतो. 😎

टिवल्या

बंड्यानेच धाग्याचा निकाल लावला.

रेवा

मी सध्या आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडला शिकवते. निवृत्त सरांशी सहमत. मस्कतवाले दादांचंही खरं आहे, पण त्यात एक गोची आहे. तुम्ही रन मारता तेव्हा मुलांना नेमकं काय दिसतं, हे कधी तपासलंय का? वीसेक मुलं भोवती उभी. पुढच्या चौघांना काचेतून उजेडाचा ठिपका दिसतो, मागच्यांना तुमची पाठ. आणि दिसतो त्यांनाही बघायचं काय ते माहीत नसतं. ती आर्ककडे बघतात. बघायचं असतं आर्कच्या मागचं वितळलेलं पूल. त्याची रुंदी केवढी, कड कुठे भिजतेय, चकाकणारा धातू कुठला आणि त्यावर तरंगणारा स्लॅग (कोटिंगचा मळ) कुठला. हे तुम्ही रन मारताना तोंडाने सांगत राहिलं पाहिजे. "आता डावीकडची कड पकडली, आता जरा थांबलो, आता पुढे." वेल्डिंग करताना बोलणं हे वेगळंच कसब आहे आणि ते मुद्दाम सराव करून येतं. चाकणकर दादा, डेमोच्या आधी घरी चार-पाच रॉड बोलत बोलत जाळून बघा. सुरुवातीला हात तरी थांबेल नाहीतर तोंड तरी.

मी एक करते: मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे वेल्डिंगची काच (११ नंबर) चिकटवून स्टँडला लावते आणि माझा रन रेकॉर्ड करून भिंतीवर दाखवते. थांबवत थांबवत. सिम्युलेटर नसलेल्या ठिकाणी हे फुकटात होतं.

डावखुऱ्या मुलांचं कोणी बोललंच नाही. दर बॅचमध्ये एखाददुसरा असतोच. त्याला उजव्या हाताने करायला लावू नका. त्याच्यासाठी सगळं उलट्या बाजूने करून दाखवता आलं पाहिजे. तुम्ही पाइपवाले आहात, अडचणीच्या जागी दोन्ही हातांनी मारत असालच, तुम्हाला जमेल.

आणि आवाज. बरोबर चाललेला आर्क भजी तळताना येतो तसा एकसारखा चुरचुरतो. मी पाठमोरी उभी असले तरी कुठल्या बूथमध्ये आर्क लांबलाय ते ऐकू येतं. मुलांना वाटतं मॅडमला पाठीला डोळे आहेत.

निवृत्त_निदेशक

रेवाताई, मोबाइलची युक्ती आवडली. आमच्या वेळी असतं तर घसा वाचला असता. आणखी एक, तुमच्याही लक्षात आलं असेल. या ट्रेडला आठवी पास मुलांना प्रवेश आहे, आणि शेजारच्या बाकावर बारावी सायन्स सोडून आलेला मुलगा असतो. एकाच वाक्यात दोघांना व्होल्टेज आणि करंट समजवायचं असतं. पहिल्याला कंटाळा नको आणि दुसऱ्याला कमीपणा नको.

ढेबेवाडी

म्या शिकल्याला न्हाई, पण ट्रॉल्या, नांगर, कडबाकुट्टीची दुरुस्ती करतुया. दोन पोरं हाताखाली हायती. एक इचारायचं व्हतं. काच न लावता टाक (बारका टाका) मारला की रात्री डोळ्यात वाळू गेल्यागत व्हतं. आमी बटाट्याच्या चकत्या ठेवतो डोळ्यावर. आयटीआयमदी काय शिकवत्यात यावर?

अडगळ

आमच्याकडे गुलाबपाणी. बटाटा भाजीत.

डॉ_कणाद

नेत्रतज्ज्ञ आहे म्हणून लिहितो. आर्कच्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी होतो, म्हणून बरोबर रात्री झोपेतून उठवतो. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत भरून येतं. गार पट्टीने बरं वाटतं, पण बटाटा, मध, दूध असलं काही थेट डोळ्याला लागू देऊ नका, जंतुसंसर्ग होतो. सगळ्यात धोक्याचं म्हणजे मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून घालत राहणं. दुखणं थांबतं, जखम भरत नाही, आणि बुबुळाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. दुखणं वाढलं, धूसर दिसलं किंवा दोन दिवसांत उतरलं नाही तर दाखवाच. आणि पाव्हणं, टाक मारतानाही काच लावा. शेजारी उभं राहून बघणाऱ्यालाही तेवढंच लागतं.

ढेबेवाडी

बरं डाक्टर. पोरास्नी बी सांगतो. बटाटा आजपासनं बंद.

सुमेधा_एनडीटी

मी तपासणीच्या बाजूची. रेडिओग्राफी, अल्ट्रासोनिक वगैरे. वर बराच वेळ वरवरच्या रनबद्दल बोलणं झालं, म्हणून लिहिते. प्रशिक्षण केंद्रांतून आलेल्या मुलांचं कॅपिंग (सगळ्यात वरचा थर) सुंदर असतं आणि आत रूट (जोडाच्या तळाचा पहिला थर) बसलेलाच नसतो. कारण केंद्रात जॉइंट कापून बघत नाहीत. वरून बघायचं, "छान" म्हणायचं, पुढचा.

पुस्तकातला फोटो दाखवून भागत नाही. मुलाने स्वतः केलेला जॉइंट त्याच्यासमोर कापा, घासा, वाकवा. रूट बेंडची पट्टी १८० अंशांत वाकवली आणि मधोमध उघडली की त्याला जे कळतं ते कुठल्याही भाषणाने कळत नाही. आणि कापल्यानंतर तुम्हाला उलटा प्रवास करता आला पाहिजे: हा स्लॅग इथे अडकला, म्हणजे आधीचा रन नीट साफ केला नव्हता किंवा दोन रनच्या मधली खाच अरुंद राहिली. ही भोकं इथेच का? इथे रॉड बदललाय, नवा रॉड लावताना आर्क लांब राहिला. दोष बघून मुलाच्या हाताने काय केलं ते सांगणारा प्रशिक्षक मला आतापर्यंत फार कमी ठिकाणी भेटला.

मस्कतवाला

सुमेधाताई, हे मात्र शंभर टक्के. आखातात जायच्या आधी मुंबईत ट्रेड टेस्ट होते. त्यासाठी क्लास चालवणारे आहेत. काही आठवडे फक्त एकाच मापाचा ६ जी पाइप मारून घेतात. पोरगं तेवढा पाइप डोळे झाकून मारतं आणि टेस्ट पास होतं. इथे साइटवर आल्यावर फिट-अप (पाइप जुळवून बांधणं) करता येत नाही, दोन पाइपांमधली गॅप जरा कमी-जास्त झाली की घाम फुटतो. दोष पोराचा नाही. त्याला एक पाइप शिकवलाय.

बंड्या_मेकॅनिकल

म्हणजे माझाच मुद्दा झाला ना? "का" शिकवलं नाही.

मस्कतवाला

अर्धा तुझा, अर्धा माझा. गॅप बदलली की काय करायचं ते शेवटी हातालाच कळावं लागतं. रूटमध्ये पुढे जे किल्लीच्या भोकासारखं उघडतं ते मोठं व्हायला लागलं की वेग वाढव, कोन बदल, करंट थोडा उतरव. हे विचार करून करायला वेळ मिळत नाही रे.

सुमेधा_एनडीटी

भांडू नका. आणखी एक राहिलं: धूर. आयएआरसी या कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक गटात टाकला. प्रशिक्षक रोज वीस बूथच्या धुरात उभा असतो. मुलाखतीत एक्झॉस्ट चालू आहेत का ते विचारा. फॅन भिंतीत दिसतो, फिरतो का ते बघा. आणि गॅल्व्हनाइज्ड पत्रा घासल्याशिवाय मुलांना देऊ नका. जस्ताच्या धुराने संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, आणि मग गूळ-दूध सुरू.

अडगळ

दूध प्यायल्याने धूर धुतला जातो असं आमच्या फोरमनचं ठाम मत होतं. दुधाचं बिल कंपनी देत होती म्हणून कोणी हरकत घेतली नाही.

निवृत्त_निदेशक

सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे तर गॅस वेल्डिंगचंही सांगतो, कारण आर्कवाले प्रशिक्षक तिथे घाई करतात. ऑक्सिजनचं सिलिंडर काळं, ॲसिटिलीनचं मरून, ॲसिटिलीनचे आटे डावे. हे मुलं पाठ करतात. पण ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलकट हात लावायचा नाही, हे नुसतं पाठ करून हातात उतरत नाही. आटा घट्ट आला की गावाकडच्या पोराचा हात आपोआप ग्रीसच्या डब्याकडे जातो, घरी त्याने तसंच पाहिलेलं असतं. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. वर्कशॉपमध्ये पाठ फिरवता येत नाही ती यासाठी. नियम सांगून झाल्यावर महिना उलटला तरी तुमची नजर त्याच जागेवर पाहिजे.

पगाराचंही कोणीतरी विचारेल. खासगीत अनुभवावर घेतात. सरकारीत यायचं असेल तर सीआयटीएस करून ठेवा. एक वर्षाचा निदेशक प्रशिक्षणाचा कोर्स आहे, एनएसटीआयमध्ये (राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत) होतो. मुंबईत चुनाभट्टीला केंद्र आहे, पण कुठल्या ट्रेडच्या जागा कुठे ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. तासिका तत्त्वावर घेत असतील तर सुट्टीच्या महिन्यांत काय, ते आधी लेखी विचारा.

रेवा

सर, शेवटचं वाक्य ठळक करा. मी आधी एका ठिकाणी (नाव नको) तासिकेवर होते, मे महिना कोरडा जायचा.

मुलींबद्दल एक ओळ. प्रवेश घ्यायला आल्यावर पालक पहिलं विचारतात, "हिला जमेल का?" जमतं. टिगमध्ये तर एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात फिलर, तिथे जोर लागतच नाही. फक्त बांगड्या, साखळ्या काढायच्या, केस बांधायचे, सिंथेटिक ओढणी नको, सुती कपडे. मुलांनाही तेच, त्यांचे टेरिकॉटचे शर्ट आधी पेटतात.

चाकणकर_६जी

मंडळी, डेमो झाला. इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

रेवाताईंनी सांगितलं तसं शेडमध्ये बोलत बोलत रॉड जाळले. शेजाऱ्याला वाटलं फोनवर कोणाशी भांडतोय. डेमोला १० मुलं बसवली होती, विषय सपाट प्लेटवर सरळ रन, ६०१३ रॉड, ३.१५ मि.मी. आधी मशीन बंद ठेवून हात फिरवून घेतले, मग दोघांना आर्क लावायला सांगितलं. एकाचा चिकटला. (त्या बाई मागेच उभ्या होत्या!) मी मशीनला हात लावला नाही. बघितलं तर केबल जमिनीवर लोंबत होती आणि पोरगं सगळं वजन मनगटावर घेऊन उभं होतं. केबलचा वेढा खांद्यावरून घेतला, कोपर टेबलाला टेकवलं. तरी चिकटलाच. मग लक्षात आलं की तो रॉड टोचतोय. त्याला काडेपेटी ओढतात तसं घासायला लावलं. लागला आर्क. रन वेडावाकडा आला, पण पोरगं खूश.

मस्कतवाले दादा, तुमचंही ऐकलं. पाइप घेऊन गेलो होतो. तो मुलांच्या हातात फिरत राहिला, आतून बघून घेतला एकेकाने. एकाने विचारलं, "सर, किती दिवसांत येईल हे?" काय सांगायचं ते सुचलं नाही, "बघू" म्हटलं. याचं उत्तर तुम्ही लोक काय देता?

निवड झाली आहे. एक्झॉस्ट विचारले, सहापैकी चार चालू आहेत. उरलेले करून देतो म्हणालेत, लेखी घेतो. आता खरी काळजी वेगळीच आहे. सेमिस्टरला रॉड आणि प्लेटसाठी जे पैसे दिसतायत त्यात पोरांचा हात बसणं अवघड आहे.

निवृत्त_निदेशक

"किती दिवसांत" याला मी सांगायचो: तू कापून बघायला घाबरत नाहीस त्या दिवशी विचार.

रॉडचं दुखणं जुनं आहे. मुलं अर्धा रॉड जाळून फेकतात. थोटकं मोजून परत घ्यायची, ५० मि.मी.पेक्षा लांब असेल तर नवा रॉड द्यायचा नाही. पहिल्याच महिन्यात खर्च उतरतो. आणि आखूड रॉडवर हात जास्त स्थिर राहतो, त्यामुळे नवख्याला त्याच थोटकांवर आर्क लावायला शिकवा.

रेवा

प्लेट दोन्ही बाजूंनी वापरा. रनवर रन चढवत पॅड करायला लावा, एकच तुकडा बरेच दिवस पुरतो, आणि शेवटी तोच कापून आतलं दाखवता येतं. एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे कापलेल्या प्लेटचे तुकडे भंगाराच्या भावात मिळतात. केंद्राचं पत्र घेऊन जा, काही जण तसेच देतात. फक्त रंग आणि गॅल्व्हनाइज्ड बाजूला काढा.

ढेबेवाडी

आमच्याकडं नांगराचं फाळ, ट्रॉलीच्या पट्ट्या, चिकार पडल्यात. कराडकडं आला तर टेंपो घिऊन या. पैसं नकोत. माझी दोन पोरं चार दिवस तुमच्यात बसवून घ्या म्हंजे झालं.

बंड्या_मेकॅनिकल

फाळ नको! त्यात कार्बन जास्त असतो, प्रीहीट न करता मारलं तर कडेला तडकेल आणि मुलांना वाटेल आपलंच चुकलं. पट्ट्या चालतील.

मस्कतवाला

बघा, इंजिनियर शेवटी कामाला आला.

चाकणकर_६जी

ढेबेवाडीकर, पोरं पाठवा, केंद्रात विचारून ठेवतो. पट्ट्या नेतो, फाळ तिथंच राहू देत. टेंपोचं रविवारी बघतो, व्यनि (खासगी निरोप) करतो.